बिनचाकाचं वाहन

सेंटरिंगचे टेकू काढायच्या दिवशी अण्णा नव्या स्लॅबखाली बसून जेवायचे. एकटे नव्हे. त्या कामाच्या कागदावर ज्या इंजिनिअरची सही असेल त्याला शेजारी बसवून.

“सही तुमचीच न्हवं?” ते विचारायचे.

“हो.”

“मग या की. बसा. भाकर लई हाय.”

माझी पाळी आली ती परीक्षा भवनाच्या वेळी. विद्यापीठाच्या बांधकाम विभागात मी नुकताच लागलो होतो. नातेपुत्याहून आलेला, कमी बोलणारा, आणि पदवी सोडली तर कशाचीच फारशी खात्री नसलेला. टेकू निघाले होते, लोखंडी प्लेटा एका भिंतीशी रचून ठेवल्या होत्या आणि एवढ्या मोठ्या रिकाम्या दालनात सिमेंटच्या पोत्यावर आम्ही दोघंच बसलो होतो. अण्णांनी कडक भाकरी गुडघ्यावर मोडली, शेंगाचटणीवर तेल सोडलं आणि निम्मं माझ्यापुढं सरकवलं. मी घास घ्यायचो आणि वर बघायचो. घास घ्यायचो आणि वर बघायचो.

“वर काय बघताय साहेब? वर बघायचं ते सही करायच्या आदी. आता खाली बगून जेवा.”

एकदा पुण्याचे एक सल्लागार आले होते. पांढरी विजार, काळा चष्मा. अण्णांनी त्यांनाही पोतं झटकून दिलं. सल्लागारांनी एकदा पोत्याकडं बघितलं, एकदा स्लॅबकडं, आणि त्यांना तातडीचा फोन आला. फोन वाजलेला आम्हां कुणालाच ऐकू आला नाही. ते गेल्यावर अण्णांनी घण मागवला आणि त्या स्लॅबला खालून ठोकून ठोकून तासभर आवाज ऐकला. “हे साहेब जेवलं न्हाईत,” एवढंच म्हणाले. त्या इमारतीच्या गच्चीवर ते पुढं कधी चढले नाहीत. आजही ती इमारत उभी आहे, हे मात्र सांगितलं पाहिजे.

हे मी लिहितोय ते नुसतं अण्णांचं कौतुक म्हणून नाही. कौतुक आहेच. पण मला एक गोष्ट सांगायची आहे. तीन वर्षं ती मी कुणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. आता तिची चौकशी चालू आहे आणि चौकशीत जे लिहून दिलं तेच इथं लिहिणार आहे. फक्त ती सांगायची तर आधी अण्णा सांगावे लागतात. मी लांबण लावतोय असं वाटलं तर तसं समजा. लांबणीवर टाकायची मला सवयच आहे.

अण्णा आमच्याकडं रोजंदारीवर मुकादम होते. मैंदर्गीचे. सोलापुरात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी गावी जायचे. मोजमाप कन्नडमध्ये, भांडण मराठीत, आणि कौतुक फक्त काँक्रीटचं. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. “टेप उन्हानं वाडती,” म्हणायचे आणि वीत टाकून भिंत मोजायचे. मी गुपचूप टेप लावून बघायचो. फरक निघायचा तो बोटभर. एकदा तर तो टेपचाच निघाला, तिचं टोक तुटलेलं होतं.

आमचं विद्यापीठ शहराबाहेर, मुरमाच्या माळावर. तिथं कधीही जा, तीन इमारती अर्धवट असायच्याच. एक पुरी झाली की चौथीचा पाया खणायला घ्यायचे. त्यामुळं आवारात माणसांपेक्षा पाट्या जास्त. ‘काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ एकदा दुपारी अण्णांनी अशी एक पाटी उचलली आणि आस्थापना शाखेच्या दारात नेऊन उभी केली. आत चार टेबलांवर चार माणसं डोळे मिटून होती. पोरांनी फोटो काढले आणि तासाभरात ते गावभर फिरले. कुलसचिवांनी अण्णांना बोलावून घेतलं.

“ही पाटी तिथं कुणी ठेवली?”

“म्या.”

“का?”

“मोकळी पडली व्हती साहेब. म्हटलं, गरज कुटं हाय ते बगावं.”

कुलसचिव हसले नाहीत. पण पाटी उचलायला सांगताना त्यांचा रुमाल तोंडावर होता.

मग विद्यापीठाला रहदारीच्या यंत्रांचं वेड लागलं. पहिल्यांदा गेटवर गाड्यांचे नंबर वाचणारा कॅमेरा आला. अण्णा रोज सकाळी त्याच्यासमोर थांबून त्याला रामराम घालायचे. “बोलत न्हाय, पर बगतोय,” म्हणायचे, “आमच्या पाव्हण्यावाणी.” त्यानंतर आतल्या रस्त्यावर वेग दाखवणारी पाटी लागली. गाडी आली की लाल अक्षरात तिचा वेग उमटायचा. कुलगुरूंची गाडी आली तेव्हा जरा जास्तच उमटला, म्हणून ती पाटी दोन दिवस झाकून ठेवली होती. ते असो.

अण्णा त्या पाटीसमोरून चालत गेले. पाटीवर दोन आडव्या रेघा. परत आले. रेघा. हात हलवत गेले, तरी रेघाच. अण्णा कमरेवर हात ठेवून पाटीपुढं उभे राहिले.

“म्या चालतूय, आन् हिच्या लेखी म्या न्हाईच?”

“अण्णा, ती गाड्यांसाठी आहे,” मी म्हणालो.

“मग पाय काय भाड्यानं आणल्यात व्हय आमी?”

दुसऱ्या दिवशी ते पळाले. साठीच्या घरातला माणूस, डोक्याला पंचा, हातात रिकामं घमेलं, आणि पाटीवर लखकन उमटलं: सात. अण्णांनी घमेलं वाजवलं. मग काय, बिगारी बायकांमध्ये चढाओढच लागली. एकीनं पदर खोचून नऊ काढला. ग्रंथपालांनी टाय सावरत प्रयत्न केला, पाच आले, आणि महिनाभर त्यांना बिगारी बायका ‘पाचवाले साहेब’ म्हणत होत्या. ‘पाटीसमोर पळू नये’ असं परिपत्रक काढावं लागलं. त्याचा मसुदा मीच तयार केला होता.

आता त्या गोष्टीकडं येतो.

गेटसमोरच्या मोठ्या रस्त्यावर सिग्नल बसवायचा ठरला. साधा नाही, रहदारी ओळखून स्वतः ठरवणारा. बसवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं: आधी तीन दिवस रहदारी मोजून तक्ता पाठवा. तक्त्यात रकाने होते. दुचाकी, मोटार, बस, ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी, आणि शेवटचा पादचारी. काम माझ्याकडं आलं, आणि ते आलं मे महिन्यात. सोलापूरचा मे. कॉलेजांना सुट्टी, गेटवर चिटपाखरू नाही. पहिल्या दिवशी मी तासभर छत्री धरून उभा राहिलो आणि इमानानं रेघा ओढल्या. मग कार्यालयात येऊन कूलरपुढं बसलो आणि तीन दिवसांची उरलेली मोजणी तिथंच केली.

म्हणजे काय केलं ते स्पष्टच लिहितो. पहिल्या तासाचे आकडे घेतले. कुठं दोन वाढवले, कुठं तीन कमी केले. अगदी खरं वाटावं म्हणून दुसऱ्या दिवशी एक बैलगाडी घातली. पादचाऱ्यांच्या रकान्यात तिन्ही दिवस आडवी रेघ मारली. सुट्टी होती, मला चालणारा माणूस दिसला नव्हता, आणि सुट्टी संपल्यावर काय होईल हा विचार कूलरपुढं सुचत नाही.

तक्त्याखाली दोन सह्या लागत होत्या. मोजणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. दोन्ही माझ्या चालणार नव्हत्या. तेवढ्यात अण्णा वाळूचं काही विचारायला आत आले.

“अण्णा, इथं एक सही करा.”

“म्या काय मोजलं?”

“फॉर्मॅलिटी आहे हो.”

अण्णांना मराठी वाचायला वेळ लागायचा, पण आकडे त्यांना पाठ असल्यासारखे कळायचे. त्यांचं बोट तक्त्यावरून सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

“दुसऱ्या दिशी दुपारी हितनं येवड्या गाड्या गेल्या?”

“अंदाजे.”

“दुसऱ्या दिशी दुपारी रस्ता बंद व्हता की साहेब. आडवी चर खणत व्हते. लाल झेंडा घिऊन मीच उबा व्हतो.”

कूलरपुढं बसून मला घाम आला. वरून घाई आहे, आजच पाठवायचंय, असं काहीतरी मी पुटपुटलो. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग हसले.

“बैलगाडी मातर झ्याक घातलीया,” म्हणाले आणि कन्नड अक्षरात सही करून गेले.

आता वाटतं, तेव्हाच तो कागद फाडायला हवा होता. तेव्हा वाटलं, सुटलो.

सिग्नल बसला. नारळ फुटला, फीत कापली. त्याची अक्कल अशी होती: मोठा रस्ता कायम हिरवा. गेटच्या आतून एखादी गाडी बाहेर पडायला आली की डांबरात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्याला तिचं लोखंड कळायचं, मग मोठ्या रस्त्याला लाल लागायचा. संध्याकाळी हे झकास चालायचं, कारण तेव्हा सगळे बाहेर पडतात. पण सकाळी दहाला सगळे आत येतात, बाहेर कोणीच पडत नाही. म्हणजे मोठ्या रस्त्याला लाल लागायचाच नाही. आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्या बाजूला एसटी थांबायच्या आणि आसपासच्या गावांतल्या पोरी उतरायच्या. पंधरा-वीस जणी एका वेळी. मधे धडाडत जाणारे ट्रक. चालणाऱ्यांसाठी खांबावर एक बटण मूळ आराखड्यात होतं. ते गाळलं. कंपनीच्या माणसानं मला फोनवर विचारलंही होतं, “सर, तुमच्याकडं पादचारी नाहीतच ना?”

“तसे नाहीत,” मी म्हणालो.

पहिल्याच आठवड्यात एक मुलगी मधे पडली. चप्पल तुटली, वह्या पसरल्या. ट्रकवाल्यानं असा ब्रेक मारला की जळलेल्या रबराचा वास गेटपर्यंत आला. मुलीचा गुडघा फुटला, बाकी वाचली. अण्णा गेटवर होते. त्यांनीच तिच्या वह्या गोळा करून आणल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या खिडकीतून मला एक चमत्कारिक प्रकार दिसायला लागला. अण्णा रोज सकाळी काहीतरी घेऊन गेटच्या आतल्या बाजूला, त्या वेटोळ्यावर जाऊन उभे राहायचे आणि सिग्नलकडं बघायचे. एक दिवस घमेलं. काही नाही. एक दिवस पहार. काही नाही. एक दिवस माल वाहायचा हातगाडा, तेव्हा सिग्नल एकदा बदलला आणि पुन्हा रुसला. आठवडाभरानंतर ते डोक्यावर सेंटरिंगची लोखंडी प्लेट घेऊन आले. ती डांबरावर पसरली आणि दोन पावलं मागं सरले. थोड्या वेळानं मोठ्या रस्त्याला लाल लागला.

सगळे ट्रक थांबले. पोरी निवांत चालत आल्या. अण्णांनी प्लेट उचलून डोक्यावर घेतली, कॅमेऱ्याला रामराम घातला आणि कामावर गेले.

रोज दहाला हा कार्यक्रम सुरू झाला. समोरून पोरी ओरडायच्या, “अण्णा, गाडी आणा!”

“थांबा गं, गाडी गरम हुतीया!”

“कुठल्या कंपनीची ओ अण्णा?”

“घरची हाय. ॲव्हरेज लई देती.”

मी एकदा खाली गेलो. “अण्णा, हा काय उद्योग? गुडघे दुखतात ना तुमचे? रोज कशाला वजन उचलताय?”

अण्णा हसले. “सही माझी हाय की साहेब.”

ते चिडून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. मी मान हलवली आणि वर आलो. त्या दिवशी कंपनीला एक पत्र लिहायला पाव तास लागला असता. तक्ता चुकला आहे, पुन्हा मोजतो. पण मग पुढचा प्रश्न आला असता, चुकला कसा? माझं उपअभियंता होण्याचं प्रकरण तेव्हा वर गेलेलं होतं. पाव तास मला काही मिळाला नाही.

सहा महिन्यांनी कंपनीचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की गेटवर रोज सकाळी दहाच्या सुमारास एक वाहन येतं. थांबतं. सिग्नल मिळतो. आणि ते वाहन पुढं जातच नाही, जागेवर नाहीसं होतं. कॅमेऱ्यात त्याचा नंबर येत नाही.

या वाहनासाठी बैठक बोलावली गेली. अशी बैठक मी पुन्हा पाहिली नाही. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जमिनीखालच्या लोहखनिजावर बोलले. संगणक विभागाच्या प्रमुखांनी व्हायरसचा संशय घेतला. सुरक्षा अधिकारी म्हणाले, नंबर नसलेलं वाहन रोज एकाच वेळी येतं ही बाब गंभीर आहे, पोलिसांना कळवावं. मी कोपऱ्यात बसून पाणी पीत होतो. तीन ग्लास प्यालो. शेवटी कुलसचिव म्हणाले, “दहा वाजत आलेच आहेत. चला, प्रत्यक्षच बघू.”

आम्ही नऊ-दहा जण गेटपाशी जाऊन उभे राहिलो. अण्णा समोरून आले, डोक्यावर प्लेट. एवढे साहेब बघून ते थबकले. मागं फिरता आलं असतं. पण पलीकडं एसटी लागली होती आणि पोरी ओरडत होत्या, “अण्णा, गाडी!” अण्णांनी प्लेट पसरली. मोठ्या रस्त्याला लाल लागला. पोरी आल्या, आम्हांला बघून गप झाल्या आणि बाजूनं निघून गेल्या. अण्णांनी प्लेट उचलली.

“हे काय आहे?” कुलसचिवांनी विचारलं.

“वाहन साहेब.”

“कसलं वाहन?”

“बिनचाकाचं.”

भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एकटेच मोठ्यानं हसले आणि लगेच खोकले.

तो विषय तिथंच हसण्यावारी जायचा. पण बैठकीला आलेला कंपनीचा तरुण इंजिनिअर चिवट निघाला. “इथं एवढे लोक चालत येतात तर आमच्याकडं पादचारी शून्य कसे?” त्यानं तिथंच लॅपटॉप उघडला आणि तक्ता काढला. तिन्ही दिवस आडवी रेघ. खाली मोजणाऱ्याची सही, कन्नडमध्ये. शेजारी तपासणाऱ्याची, माझी; तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

“कन्नडमध्ये सही कोण करतं आपल्याकडं?” कुलसचिवांनी विचारलं.

सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. जेवायला बसवताना शेजारच्या पोत्याकडं बघायचे तसं, मोकळी जागा दाखवावी तसं. मला तिथं फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी मोबाइल काढला आणि त्याच्यात बघितलं. त्यात काहीही नव्हतं.

“सही माझीच हाय,” अण्णा म्हणाले.

“म्हणजे मोजणीही चुकीची केली, आणि वर यंत्रात ढवळाढवळ?”

प्लेट अण्णांच्या डोक्यावरच होती. सुरक्षा अधिकाऱ्यांनी ती जप्त केली.

रोजंदारीच्या माणसाला काढायला कागद लागत नाही. मस्टरवरचं नाव खोडलं की झालं. आणि मस्टर माझ्याकडं होतं. मी पट्टी लावून रेघ मारली, वाकडी होऊ नये म्हणून.

अण्णा निरोप घ्यायला आले नाहीत. पुढच्या वर्षी मी उपअभियंता झालो. दरम्यान एक केलं: पुढच्या गेटनं येणं सोडलं. मागच्या बाजूला शेतातून एक कच्चा रस्ता येतो, तिथनं गाडी घालायला लागलो. कुणी विचारलं तर म्हणायचो, इकडून सावली आहे. तिथं एकसुद्धा झाड नाही.

तीन वर्षं गेली. गेल्या महिन्यात आणखी कॅमेरे बसवायचे म्हणून पुन्हा रहदारी मोजायचं पत्र आलं. आमच्याकडं नव्यानं लागलेल्या इंजिनिअर बाई दुसऱ्याच दिवशी भरलेला तक्ता घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“झालीसुद्धा मोजणी?”

“जुन्या फाइलमधला तक्ता होता ना सर, त्याच्यावरून केला. फक्त बैलगाडी काढून टाकली. आता कुठं दिसते?” त्यांनी पेन पुढं केलं. “मोजणारा म्हणून सही कुणाची घेऊ?”

तो तक्ता मी ठेवून घेतला. रविवारी मैंदर्गीला गेलो.

अण्णा दारात बाजेवर बसले होते. गुडघ्याला फडकं बांधलेलं. शेजारच्या घराची भिंत चढत होती आणि अण्णा इथूनच ओरडत होते, “अरे गवंड्या, ओळंबा धर! भित बग कशी पाव्हण्याला वाकून नमस्कार करतीया!” मग मला पाहिलं. “एन्री साहेब! बर्री, कूडरी. या, बसा.” जणू मी कालच भेटलो होतो. त्यांच्या बायकोनं आतून पाणी आणलं. बाईंना मराठी कळत नव्हतं, मला कन्नड.

मी पाणी न पिताच बोलून टाकलं. “अण्णा, ती मोजणी मी केलीच नव्हती.”

“म्या बी केली नव्हती,” अण्णा म्हणाले. “मग केली कुणी? बैलगाडीवाल्यानं?”

आणि हसायला लागले. मला हसता येईना. मी खिशातून कागद काढला. कुलसचिवांच्या नावे पत्र रात्रीच लिहून ठेवलं होतं.

“मला काय दाखवताय? मला वाचाय दिस लागंल. वाचा तुमीच. जरा मोठ्यानं.”

मी उभा राहून वाचायला लागलो. गवंडी थापी हातात घेऊन कुंपणाशी आला. शेजारणी आल्या. मी एक वाक्य वाचायचो आणि अण्णा त्याचं कन्नड करून सांगायचे. माझी वाक्यं छोटी होती. अण्णांची फार लांब होत होती. कूलरपाशी पोचलो तेव्हा अण्णांनी पंच्यानं वारा घालून दाखवला आणि सगळे हसले. मोबाइलपाशी आलो तेव्हा त्यांनी रिकाम्या तळहातात डोळे बारीक करून बघितलं, तर गवंड्याला ठसका लागला. मी लाजेनं लाल झालो होतो, आणि तरी वाचत होतो, आणि खरं सांगायचं तर तीन वर्षांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला.

फक्त अण्णांची बायको हसत नव्हती. वाचून झाल्यावर त्यांनी काहीतरी विचारलं.

“काय म्हणतात?” मी अण्णांना विचारलं.

“ती म्हणती, ते सगळं ऱ्हाऊ द्या. पोरी आता रस्ता कशा वलांडत्यात?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एका शब्दाचं उत्तर होतं.

“पळत,” मी म्हणालो.

अण्णांनी त्याचं कन्नड केलं नाही. बाईंनी माझ्याकडं बघितलं, पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेल्या.

निघताना अण्णा काठी टेकत गाडीपर्यंत आले. “कागूद उद्या देताय?”

“उद्याच.”

“गाडीनं जाऊ नगा. एसटीनं जावा, दहाच्या टायमाला. आन् समूर उतरा.”

“बरं.”

“आन् माझ्या नावाचं काय त्यात लिवलंय ते कमी करा. लई गोड झालंय.”

सोमवारी मी एसटीनं गेलो. समोरच्या बाजूला उतरलो तेव्हा दहा वाजत आले होते. माझ्याबरोबर दहा-बारा पोरी आणि डबा घेतलेले एक शिपाईमामा उतरले. मोठ्या रस्त्याला हिरवा होता. आम्ही थांबलो. हिरवाच होता. पलीकडं विद्यापीठाची कमान, तिच्यावर कॅमेरा, आणि मधे एकामागून एक ट्रक. अंगावर धूळ येत होती. वरच्या खिशातला कागद मी दोनदा चाचपला.

शेजारच्या मुलीनं सॅक छातीशी घट्ट धरली होती. तिनं माझ्या बुटांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“काका, नवीन का?”

“हो,” मी म्हणालो.

“मग ऐका. हा टँकर गेला की लगेच. मधे थांबायचं नाही, आणि मागं तर अजिबात वळायचं नाही.”

टँकर गेला.

“काका, पळा!” तिनं माझं कोपर धरलं, आणि मी पळालो.